सहा मिलिमीटरसाठी

अगं, आधी एवढं ऐक: ती जुनी चाकं भंगारात द्यायची नाहीत, आणि कुणी हजार-दोन हजार देतो म्हणाला तरी विकायचीही नाहीत. दुकानात तुला सांगितलं की नव्या फ्रेमला ही बसत नाहीत, नवा जोड घ्यावा लागेल. तू तेवढं ऐकून एसटीने ढाणकीला परत आलीस आणि चाकं कोपऱ्यात उभी करून ठेवलीस. बसत नाहीत, हे खरं आहे. नवा जोड घ्यावाच लागेल, हे मात्र खरं नाही. दुकानदार खोटं बोलला असंही मला म्हणायचं नाही. नवं विकणं सोपं असतं, जुनं जुळवून देणं हे वेळेचं काम, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. वेळ तुझ्याकडे आहे. हातही चांगला आहे. म्हणून सगळं नीट सांगते, घाई करू नकोस.

तुझी अडचण काय आहे ते आधी समजून घे. हबची दोन टोकं फ्रेमच्या दोन कानांमध्ये टेकतात. टेकल्यापासून टेकेपर्यंतचं ते अंतर. तुझं जुनं मागचं चाक 142 मिलिमीटरचं, नवी फ्रेम 148 ची. पुढचं चाक 100 चं, नवा चिमटा 110 चा. मागे एक्सल 12 ची, पुढे 15 ची, ती दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ही तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू. एक्सलची जाडी जुळत नसती तर मी एवढं लांबण लावलंच नसतं.

बाबांच्या दुकानात आपण लहानपणी पाहिलं ते वेगळं होतं. काळी लोखंडी सायकल, नटाची एक्सल, चाक थोडं अरुंद असलं तर दोन वायसर टाकायचे, रुंद असलं तर मागचा चिमटा हाताने ताणायचा, नट आवळले की सायकल बाजाराला निघाली. हिरोचं चाक ॲटलसला, ॲटलसचं एव्हॉनला. गिअरच्या सायकलींत तसं राहिलं नाही. रेसच्या सायकलींचं मागचं अंतर पाच गिअरच्या काळात 120 होतं, सहा-सातला 126 झालं, आठ गिअर आले तसं 130. डोंगरी सायकलींनी 135 धरलं आणि बरीच वर्षं तेच चाललं. मग पोकळ, जाड, आरपार जाणारी 12 मिलिमीटरची एक्सल आली आणि आकडा 142 झाला. त्यात गंमत म्हणजे हब मुळात 135 चाच होता, दोन्ही टोकं साडेतीन-साडेतीन मिलिमीटर फ्रेमच्या खाचेत शिरायला लागली एवढंच. 2014 च्या सुमारास ट्रेकने स्रॅमबरोबर 148 आणलं आणि त्याला ‘बूस्ट’ म्हटलं. 2016 ला पिव्हटने त्याच्याही पुढे जाऊन 157 चं काढलं. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच कामाची तीन मापं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पुण्याच्या माणसाला दर दोन वर्षांनी सायकल बदलणं जमत असेल. उमरखेड तालुक्यातल्या मुलीची चाकं अजून दहा वर्षं चालणारी असताना ती एका आकड्यापायी टाकायला सांगणं मला पटत नाही.

पण बूस्टमध्ये काहीच अर्थ नाही असंही समजू नकोस. 29 इंची चाक मोठं, त्याचे आरे लांब, आणि हबच्या ज्या दोन कडांतून आरे निघतात त्या जवळजवळ असतील तर आरे रिमला फार उभट कोनात धरतात. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या दोऱ्यांच्या खुंट्या खांबाच्या अगदी पायाशी ठोकल्या तर खांब हलतो, लांब ठोकल्या तर ताठ उभा राहतो, तसंच. बूस्टमध्ये त्या दोन कडा प्रत्येकी तीन मिलिमीटर बाहेर नेल्या. पुढच्या दातेरी चकतीची रेषाही मध्यापासून 49 वरून 52 वर सरकवली, त्यामुळे मागे रुंद टायरला जागा झाली. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात टायर आणि फ्रेमच्या मधे चिखल गच्च बसतो आणि चाक फिरतच नाही, हे तू बिटरगावच्या रस्त्याला भोगलेलं आहेस. त्या जागेचा तुला खरंच उपयोग होईल. फ्रेम चांगली निवडलीस, त्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस.

आता चाकाकडे ये. जुळवता येतं की नाही हे हब ठरवतो. तुझा हब सीलबंद बेअरिंगचा आहे, टोकाच्या टोप्या हाताने किंवा थोड्या जोराने ओढल्या की निघतात, आणि ब्रेकची डिस्क सहा बोल्टांवर बसते. हे तिन्ही असलं की काम होतं. तुझ्या मैत्रिणीची ती 26 इंची सायकल आहे ना, छर्रे आणि कोन असलेल्या हबाची, तिला मात्र सांग की तिच्या हबात 12 ची एक्सल कधीच जाणार नाही. आतली एक्सल 10 ची भरीव किंवा बारीक भोकाची असते, तिथे वाढवायला जागाच नसते. शिवाय 26 इंची रिम 559 ची आणि 29 इंची 622 ची. डिस्क ब्रेक असल्यामुळे लहान चाक मोठ्या फ्रेमला लागेल, ब्रेकही धरेल, पण सायकल तीन सेंटिमीटरहून जास्त खाली बसेल आणि पायंडल दगडाला आपटेल. तो नाद नको.

तुझ्यासाठी दोन वाटा आहेत. एक, तयार किट मागवायचं. वुल्फ टूथ या अमेरिकन कंपनीचं ‘बूस्टिनेटर’ याच कामासाठी निघालेलं आहे, तशी आणखीही मिळतात. मागवताना हबची कंपनी आणि मॉडेल तपासून घे, कारण टोप्या प्रत्येक हबच्या वेगळ्या. दुसरी वाट, लेथवर बुश करून घ्यायची. उमरखेडला किंवा पुसदला ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या वर्कशॉपात चांगला कारागीर भेटला तर तो ॲल्युमिनियमच्या कांबीतून तुला हवी ती बुश काढून देईल. त्याच्याकडे जाताना चाक, फ्रेमची एक्सल आणि कागदावर काढलेलं चित्र तिन्ही घेऊन जा. भोक 12 चं, एक्सल आत सरळ सरकावी पण डुलू नये. बाहेरचा व्यास फ्रेमच्या खाचेत बसणाऱ्या जुन्या टोपीइतकाच. आणि बुशची दोन्ही तोंडं एकमेकांना अगदी समांतर, यात तडजोड नाही. तोंड तिरकं असलं की एक्सल आवळल्यावर फ्रेमचा कान पिळला जातो आणि बेअरिंगवर आडवा दाब येतो.

वायसर एकावर एक रचून सहा मिलिमीटर भरायचे नाहीत. बाबा सुचवतील. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस, पण ऐकूही नकोस. नटाच्या एक्सलवर वायसर चालतो, कारण वजन नटाच्या आटेवाल्या भरीव एक्सलवर असतं. इथे हबचं टोक स्वतः फ्रेमच्या खाचेत बसतं. सुटे वायसर खाचेत नीट बसत नाहीत, उतारावर हलतात.

दुसरी गोष्ट बाबांना सांगायची ती ही की फ्रेम दाबून 142 ला आणायची नाही. त्यांनी आयुष्यभर लोखंडी चिमटे पायाखाली घेऊन उघडले आणि मिटले, आणि ते योग्यच होतं. पोलाद वाकतं आणि वाकलेलं राहतं. अमेरिकेतला शेल्डन ब्राउन नावाचा मोठा मेकॅनिक होता, 2008 साली वारला. त्यानेही 126 ची पोलादी फ्रेम 130 ला उघडायची पद्धत लिहून ठेवली आहे. दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या का हे तो फ्रेमभोवती दोरा ताणून मोजायला सांगतो. बाबा न वाचता तेच करत आले. पण तोसुद्धा सांगतो, हे फक्त पोलादाला. तुझी फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियम त्या वेळी काही दाखवत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी जोडापाशी तडकतं. बाबांना असं सांग की फ्रेमला हात लावायचा नाही, चाकाचा आऊट मात्र तुम्हीच बघा. त्यांना आवडेल.

आता मागच्या चाकात ते सहा मिलिमीटर कुठे घालायचे, हा खरा प्रश्न. दोन्ही बाजूंना तीन-तीन घातले तर रिम मधेच राहते, काही करावं लागत नाही, म्हणून पुष्कळ जण तेच करतात. पण मग गिअरची चकती जुन्याच जागी, 49 च्या रेषेत राहते आणि पुढची दातेरी चकती 52 वर. चढावर सगळ्यात मोठ्या गिअरला चेन जास्त तिरकी चालते, करकरते, लवकर झिजते. शिवाय गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमबरोबर तीन मिलिमीटर बाहेर गेलेला, त्याला आत ओढत बसावं लागतं. मला विचारशील तर सहाच्या सहा डाव्या बाजूला घाल, डिस्कच्या बाजूला. उजवीकडे काही बदलत नाही, गिअर फ्रेमच्या कानापासून पूर्वी जेवढे होते तेवढेच राहतात, म्हणजे आपोआप तीन मिलिमीटर बाहेर, जिथे बूस्टला हवेत तिथेच. फक्त रिम मध्यावरून उजवीकडे तीन मिलिमीटर राहते. ती डावीकडे ओढायची.

या ओढण्याला घाबरू नकोस, कारण त्यात चाकाचा फायदा आहे. गिअरच्या चाकात उजवे आरे नेहमी जास्त ताणलेले आणि उभट, डावे ढिले आणि पसरट. रिम डावीकडे आली की उजव्यांचा कोन सुधारतो, ताण दोन्हीकडे जवळ जवळ येतो. जुनं चाक पूर्वीपेक्षा मजबूत होतं. दुकानात हे कुणी सांगितलं नसेल.

नवे आरे लागतील का, हे तू विचारलंस. नाही लागत. रिम तीन मिलिमीटर सरकली तरी आऱ्याची लांबी फारच थोडी बदलते, डावीकडे साधारण एक तृतीयांश मिलिमीटर, उजवीकडे त्याहून कमी. आऱ्यांचे आटे इंचाला 56 असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण वेढा जवळपास 0.45 मिलिमीटर. हिशोब तूच कर: डाव्या निपलना सुमारे पाऊण वेढा घट्ट, उजव्यांना सुमारे अर्धा वेढा ढिला. एवढंच. तेही एकदम नाही, पाव-पाव करत. आधी सगळ्या निपलच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात कर, म्हणजे कुठून निघालो हे विसरत नाही. आधी उजवे सोळा पाव वेढा ढिले, मग डावे सोळा पाव वेढा घट्ट, पुन्हा तसंच. टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं. हबच्या बाजूने बघितलंस तर उलटं दिसेल, तिथे भलेभले गोंधळतात. निपल पाना मापाचा असू दे, सैल पान्याने निपलचे कोपरे गोल होतात आणि मग सगळं अडतं.

रिम मध्याला आली का, हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. टायर काढ. बुश बसवलेली असू दे. स्वयंपाकघरातले तीन सारख्या उंचीचे स्टीलचे ग्लास सपाट फरशीवर ठेव, त्यावर रिम आडवी टेकव. मधोमध हबचं टोक लोंबेल. त्याच्या खाली नाणी आणि पत्ते रचत जा, टोकाला जेमतेम लागेपर्यंत. मग चाक उलटं कर आणि तीच रास टोकाखाली सरकव. सुरुवातीला दोन बाजूंत सहा मिलिमीटरचा फरक दिसेल. दिसणारा फरक नेहमी दुप्पट असतो, हे ध्यानात ठेव. रिम सरकवायची ती त्याच्या निम्मीच. दोन्ही बाजूंना रास सारखी लागली की थांब. मग चाक फ्रेमला लावून मागच्या चिमट्याला केबल टाय बांध, त्याचं टोक रिमच्या कडेला जेमतेम शिवेल असं काप, आणि उरलेला आऊट काढ. इथे बाबांना बोलव. त्यांच्या बोटांना जे कळतं ते मला अजून कळत नाही. ते आऱ्यावर टिचकी मारून नादावरून ताण ओळखतात, एका बाजूचे सगळे आरे एका सुरात वाजले पाहिजेत. शेवटी जोडीजोडीने आरे मुठीत दाबून सोड, आत अडकलेला पीळ निघतो, मग पुन्हा एकदा आऊट बघ.

पुढचं चाक सोपं आहे. दोन्हीकडे पाच-पाच, रिम जिथल्या तिथे, आरे हलवायचे नाहीत.

ब्रेकच्या डिस्कबद्दल मी हट्टी आहे. कॅलिपर फ्रेमवर आणि चिमट्यावर असतो, तो बाहेर सरकलेला, म्हणून डिस्कही तेवढीच बाहेर हवी: मागे सहा डावीकडे घातले तर सहा मिलिमीटर, पुढे पाच. डिस्क आणि हबच्या मधे सहा भोकांची सपाट चकती बसते आणि बोल्ट चकतीच्या जाडीइतके जास्त लांब लागतात. जुनेच बोल्ट वापरले तर ते हबच्या आट्यांत दोन-तीन वेढेच धरतात. वरून सगळं घट्ट वाटतं. उतारावर ब्रेक दाबलास की सगळा जोर त्या दोन-तीन वेढ्यांवर. म्हणून एक्सलची बुश लेथवर करून घेतलीस तर माझी ना नाही, पण डिस्कची चकती आणि तिचे बोल्ट किटमधलेच घे. इथे पैसे वाचवायचे नाहीत. बोल्ट आवळताना एक सोडून समोरचा अशा क्रमाने, हळूहळू.

आणि एक्सल जुन्या सायकलची नाही, नव्या फ्रेमची. 12 ची दिसली म्हणून कुठलीही चालत नाही. लांबी वेगळी, आणि आटे 1.0, 1.5, 1.75 अशा तीन तऱ्हांचे असतात. चुकीची एक्सल पहिले दोन वेढे जाते, मग अडते, आणि जोर लावला की फ्रेमचे आटे खाते. हाताने शेवटपर्यंत जाते तीच बरोबर. फ्रेम विकणाऱ्या मुलाने एक्सल दिली नसेल तर आजच माग.

आता एक आतली गोष्ट. आईला फ्रेमची किंमत तू निम्मी सांगितली आहेस, हे मला कळलंय. खरी सांग. ती रागावेल, एक दिवस बोलणार नाही, पण पुढच्या महिन्यात किटचे पैसे लागतील तेव्हा तुला नवी गोष्ट रचावी लागणार नाही. वाटलं तर सांग की किटचे पैसे ताई देते. मी देणारच आहे. आणि वर्कशॉपात जाताना दादाला पुढे करू नकोस. कारागीर दादाशीच बोलेल, दादा मान हलवेल, आणि बुश साडेपाचची होऊन येईल. आकडे तू सांग, मिलिमीटरमध्ये, कागद समोर ठेवून. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये एकटीने जगभर सायकलवर फिरून कोलकात्याला पोहोचली तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. तू तर वीस पार केलीस, आणि तुला उमरखेडपर्यंतच जायचंय.

काम झालं की पहिल्याच दिवशी सहस्रकुंडाकडे निघू नकोस. गावातल्या गावात फिरव, पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे ढकलून बघ, हबपाशी खडखड आली तर बुश सैल आहे. वळणावर मागचं टायर फ्रेमला घासतं का ते पाहा. थोडं चालवून झाल्यावर एक्सल आणि डिस्कचे बोल्ट पुन्हा तपास, आरेही एकदा वाजवून बघ. पहिल्या काही फेऱ्यांत ताण थोडा बसतो. मग जा कुठेही. अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय नाही, आणि अंधार पडायच्या आत घरी.

तोवर मला तीन गोष्टी पाठव: हबवर कोरलेलं नाव आणि नंबर, टोपी काढून तिच्या बाहेरच्या व्यासाचं माप, आणि फ्रेमच्या दोन खाचांच्या तळापासून तळापर्यंतचं अंतर. बाबांच्या पेटीत पितळी व्हर्निअर आहे, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. ते वापर, पट्टीने मोजू नकोस. आकडा 148 च्या ऐवजी 141 आला तर तुझी फ्रेम बूस्टचीच पण आरपार एक्सल नसलेली आहे, आणि मग वरचं निम्मं सांगणं बदलतं. म्हणून किट मी आकडे बघूनच मागवणार आहे.